वाचकांचे प्रश्न : मातीतला जंतू मेंदूत कसा पोचतो?

दोन अंकांपूर्वी मी ओल्या मातीच्या वासाबद्दल लिहिलं होतं. शेवटी सहज म्हणून एक वाक्य टाकलं होतं, की हा वास देणाऱ्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एखादा क्वचित माणसाच्या मेंदूतही घर करतो. लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर! त्यातली पाच इथे घेतली आहेत. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. ३१ वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पू, थुंकी आणि पाठीतल्या पाण्याच्या प्लेट्स वाचल्या. (प्लेट म्हणजे आगर या जेलीची बशी, तिच्यावर नमुन्यातले जंतू वाढवतात. पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं, पाठीत सुई घालून काढलेलं.) रुग्ण मला फारसे भेटले नाहीत, त्यांचे नमुने भेटले. उत्तरंही त्याच बाजूनं येतील. गोळी कोणती आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझ्या मोठ्या भावाचं (वय ५८) मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं आहे. त्याला न्यूमोनिया झाला, त्यातून उठतो न उठतो तोच एके सकाळी फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत तीन गाठी दिसल्या. आधी कॅन्सर म्हणाले, मग टीबी. शेवटी कवटीला छिद्र पाडून पू काढला तेव्हा 'नोकार्डिया' असा रिपोर्ट आला. आता दादा चालतो-बोलतो, पण सल्फाच्या गोळ्या वर्षभर घ्यायला सांगितल्या आहेत. चार महिन्यांतच त्याची भूक गेली. थांबवल्या तर चालतील का? आणि घरात लहान मुलं आहेत, त्यांना लागण होईल का?

मुलांचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. लागण होणार नाही. नोकार्डिया माणसाकडून माणसाकडे जात नाही. दादांचं ताट, टॉवेल वेगळा ठेवायची काही गरज नाही. मुलांना त्यांच्या मांडीवर बसू द्या.

हा जंतू मातीत, कुजणाऱ्या पानांत, धुळीत असतो. त्याचं तिथलं काम म्हणजे मेलेल्या गोष्टी कुजवणं. वाळलेली माती उडते, तिच्याबरोबर तो श्वासातून फुप्फुसात उतरतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या फुप्फुसात तो येऊन गेला असेल, पत्ता लागला नसेल. पण प्रत्यारोपणानंतर नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. अशा वेळी याला फुप्फुसात पाय रोवता येतात. तिथून तो रक्तात शिरतो, आणि रक्तातून जिथे जिथे जातो त्यात मेंदू हे त्याचं आवडतं ठिकाण. दादांचा 'न्यूमोनिया' आणि मेंदूतल्या गाठी ही दोन वेगळी आजारपणं नव्हती, एकच होतं. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांत प्रतिकारशक्तीचा काहीच दोष सापडत नाही, तेव्हा 'तुम्हाला कसा होईल?' असं म्हणून कुणाला वाटेला लावता येत नाही.

नाव एद्‌मों नोकार या फ्रेंच पशुवैद्याचं. १८८८ साली त्यांनी हा जंतू गुरांच्या आजारात शोधला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच एपिंगर यांनी माणसातला पहिला रुग्ण नोंदवला, आणि त्याच्याही मेंदूत पूच होता. म्हणजे मेंदूची याची ओढ पहिल्या नोंदीपासूनची आहे.

आता कॅन्सर आणि टीबी का म्हणाले, ते. एमआरआयमध्ये गाठ दिसते, गाठीवर नाव लिहिलेलं नसतं. आणि टीबीशी तर याचं खरोखरच नातं आहे. टीबीचा जंतू रंगवल्यावर आम्ही स्लाइड तीव्र आम्लानं धुतो, तरी तो रंग सोडत नाही. नोकार्डिया त्या आम्लात रंग सोडून मोकळा होतो, पण एक टक्का सल्फ्युरिक आम्लानं हलक्या हातानं धुतला तर लाल राहतो. साध्या ग्रॅम रंगात (जंतू ओळखायची ही आमची रोजची रंगपद्धत) तो दिसतो जांभळ्या, बारीक, फाटे फुटलेल्या दोऱ्यांसारखा. मध्ये मध्ये रंग न धरलेल्या जागा असतात, त्यामुळे दोरा अखंड न दिसता ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. अडचण ही, की एका स्लाइडवर असे दोरे चार-पाचच असतात, आणि दुपारी साडेचारला अठ्ठाविसावी स्लाइड बघणारे डोळे त्यांच्यावरून सरकून जातात.

प्लेटचं त्याहून अवघड. नेहमीचे जंतू एका रात्रीत वाढतात. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळांत ४८ तासांनी 'वाढ नाही' असा रिपोर्ट जातो आणि प्लेट कचऱ्यात. नोकार्डिया तेव्हा कुठे जागा होत असतो. तिसऱ्या दिवशी भिंगातून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर दिसले. पाचव्या-सहाव्या दिवशी खडूची पूड सांडावी तशी पांढरी, कोरडी, सुरकुतलेली वाढ येते. कधी दोन आठवडेही लागतात. तारेच्या लूपनं उचलायला गेलं तर येत नाही. आगरमध्ये मुळं धरून बसलेली असते, खरवडावी लागते. आणि झाकण उघडलं की वास येतो तो थेट पावसाच्या पहिल्या सरीचा. (आमच्या पिढीनं प्लेटा हुंगल्या. आता बंदी आहे, आणि ती योग्य आहे. का, ते शेवटच्या उत्तरात.)

दादांचा रिपोर्ट आला याचा अर्थ कुणीतरी ती प्लेट ठेवली. बहुधा फॉर्मवर कुणी 'प्रत्यारोपण' हा एक शब्द लिहिला असणार. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फॉर्मवर 'पू, कल्चर' यापलीकडे काही नसे. कोणाचा पू, कुठून काढलेला, माणूस काय काम करतो, काही नाही. कंपाउंडरला फोन करून विचारावं तर तो म्हणे, "मॅडम, अर्जंट आहे एवढंच सांगितलंय."

आता गोळ्या. वर्षभर का, तर एक म्हणजे हा जंतू सावकाश वाढतो, आणि सावकाश वाढणाऱ्यावर औषधाचा मारही सावकाश बसतो. दुसरं, गाठीभोवती शरीरानंच एक भिंत बांधलेली असते, तिच्या आत औषध झिरपत झिरपत जातं. फिट थांबली, चालायला लागले, म्हणजे सूज उतरली. जंतू संपला असं नव्हे. अर्ध्यावर सोडलेला नोकार्डिया पुन्हा उठतो, हे शंभर वर्षांत पुरेसं पाहून झालं आहे. मेंदूत गेलेल्या नोकार्डियाला निदान बारा महिने, असा संकेत त्यातूनच आला. दादांची प्रतिकारशक्ती दाबलेलीच राहणार, तेव्हा त्यांच्या बाबतीत तर जास्तच.

पण भूक गेली ही तक्रार खरी आहे, ती गिळून बसू नका. डॉक्टरांना सांगा. पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि रक्तपेशी ठरल्या वेळी तपासल्या जातात ना, हे विचारा. सल्फा आणि प्रत्यारोपणाच्या गोळ्या एकत्र असताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दोन्ही चढू शकतात. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. पर्याय आहेत, आणि तुमच्या जंतूवर कोणता चालतो याची चाचणीही होते. मात्र बदल डॉक्टर करतील. घरात बसून थांबवायचं नाही.

सासूबाईंना (वय ७१) मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह झाला. दोन दिवस सेफ्ट्रायॅक्सोन दिलं, तिसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये 'लिस्टेरिया' आलं आणि ॲम्पिसिलिन सुरू झालं. म्हणजे आधीचे दोन दिवस चुकीचे उपचार झाले का? न्यूमोनियाची लस तर त्यांनी घेतली होती.

लस न्यूमोकॉकसची, म्हणजे वेगळ्याच जंतूची. तिचा लिस्टेरियाशी काही संबंध नाही, आणि लिस्टेरियावर माणसांसाठी लस नाही.

सेफ्ट्रायॅक्सोन चुकीचं नव्हतं. मेनिंजायटिसमध्ये रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. जे जंतू जास्त आढळतात त्यांच्यावरचं औषध पहिल्या तासातच चालू करतात, आणि ते हेच. फक्त लिस्टेरियाला सेफ्ट्रायॅक्सोनचा काहीही फरक पडत नाही, ते त्याच्या घडणीतच आहे. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाला, गरोदर बाईला, नवजात बाळाला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला सुरुवातीपासून जोडीला ॲम्पिसिलिन द्यावं असा संकेत आहे. सासूबाईंना ते दिलं होतं की नाही, हे डिस्चार्जच्या कागदावर पहिल्या दिवसाच्या औषधांत दिसेल. नसेल दिलं, तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आवाज न चढवता विचारा, उत्तर मिळतं.

हे मी फार मानभावीपणे लिहिते आहे असं वाटू नये म्हणून माझंच एक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. साठीतल्या एका गृहस्थांचं पाठीतलं पाणी आलं होतं. ग्रॅममध्ये जांभळ्या आखूड काड्या, थोड्याच. त्वचेवर असेच दिसणारे निरुपद्रवी जंतू असतात, सुई टोचताना ते नमुन्यात उतरतात. मी लिहून टाकलं : डिफ्थेरॉइड्स, बहुधा कंटॅमिनेशन. सही केली, चहाला गेले. परत आले तर आमच्या वरिष्ठ बाई माझी प्लेट दिव्यासमोर धरून उभ्या. बारीक कॉलनी आणि तिच्याखाली, अगदी तिच्याचएवढी, रक्त विरघळल्याची फिकट सावली. "हँगिंग ड्रॉप केलास?" नव्हता केला. थेंब टांगला, खोलीच्या तापमानाला ठेवला, आणि भिंगाखाली त्या काड्या कोलांट्या मारताना दिसल्या. डोक्यावरून पायांवर, पायांवरून डोक्यावर. लिस्टेरियाची ही खोड. शरीराच्या तापमानाला तो जवळजवळ स्वस्थ असतो, गार पडला की नाचतो. फ्रिजमध्येही वाढतो तो याच वृत्तीनं. त्या गृहस्थांना ॲम्पिसिलिन एक दिवस उशिरा मिळालं. ते वाचले. चेहऱ्याची डावी बाजू बरेच महिने लुळी राहिली, असं नंतर वॉर्डमधून कळलं. दिवस माझ्यामुळे गेला. नमुन्यात काड्या दिसल्या की कंटॅमिनेशन लिहिण्याआधी माझा हात अजून थबकतो.

हा जंतूही मुळात मातीतला आणि कुजक्या पाल्यातला. १९२६ साली केंब्रिजमध्ये प्रयोगशाळेतले ससे मरू लागले तेव्हा मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. खराब झालेला मुरघास खाल्लेल्या मेंढ्यांच्या मेंदूच्या देठात तो शिरला की मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते. माणसात तो बहुधा अन्नातून येतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार मांसाच्या पदार्थातून त्याची आजवरची सर्वांत मोठी साथ आली, हजारावर रुग्ण आणि दोनशेवर मृत्यू. धडधाकट माणसाचं दोन दिवस पोट बिघडतं आणि विषय संपतो. सत्तरीतल्या माणसाचा विषय तिथे संपत नाही.

नाकातून शिरून मेंदू खाणारा बॅक्टेरिया असतो म्हणे. मी रोज जलनेती करतो. बंद करू का?

तो बॅक्टेरिया नव्हे, अमिबा. नेग्लेरिया फाउलेरी. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून एकाच पिशवीत कोंबले जातात. पण फरक महत्त्वाचा आहे, कारण जंतूंवरची प्रतिजैविकं अमिबावर बहुतेक निकामी ठरतात. तो कोमट, गोड्या पाण्यात असतो. ते पाणी प्यायलं तर काही होत नाही. नाकात जोरानं वर गेलं तर वासाच्या मज्जातंतूंवरून तो मेंदू गाठतो. फार क्वचित होतं, पण झालं तर शंभरातले नव्वदपेक्षा जास्त दगावतात.

नेती बंद करू नका, नळाचं पाणी तेवढं बंद करा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट (उंच डोंगरावर राहत असाल तर तीन) उकळलेलं आणि झाकून गार केलेलं पाणी घ्या, किंवा डिस्टिल्ड. भांडं धुऊन पूर्ण वाळवा. मिठानं अमिबा मरतो असं एकानं लिहिलं आहे. नेतीत घालतो तेवढ्या मिठानं नाही मरत.

मी बारावीत आहे, मला मायक्रोबायोलॉजी करायचं आहे. प्लेटवर काहीच वाढलं नाही तर काय करतात? आणि तुमचा आवडता जंतू कोणता?

अगं, तुला एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

काहीच वाढत नाही असं मेंदूच्या बाबतीत वारंवार होतं. नमुना यायच्या आधीच प्रतिजैविक सुरू झालेलं असतं, किंवा जंतूच असा असतो की आपल्या आगरवर वाढत नाही. तेव्हा जंतू न वाढवता त्याचा डीएनए वाचतात. यातली मला सर्वांत आवडणारी हकीकत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली, अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या मुलाची. जन्मापासून प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार. चार महिन्यांत तीनदा दाखल, ताप, डोकेदुखी, मग मेंदूत पाणी साठलं, फिट्स. मेंदूचा तुकडा काढून तपासला तरी कारण सापडेना. शेवटी पाठीतलं पाणी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांकडे गेलं. त्यांनी नमुन्यातला सगळाच्या सगळा डीएनए वाचला, ३० लाखांवर तुकडे. बहुतेक अर्थातच त्या मुलाचे स्वतःचे. त्यात ४७५ तुकडे निघाले लेप्टोस्पायराचे. हा पाण्यात आणि ओल्या मातीत सापडणारा जंतू, प्राण्यांच्या लघवीतून तिथे येतो. मुलगा काही महिन्यांपूर्वी पोर्तो रिकोला गेला होता, गोड्या पाण्यात पोहला होता. उत्तर ४८ तासांत आलं. औषध कोणतं दिलं? पेनिसिलिन. महिन्याभरानं तो घरी गेला.

३० लाखांत ४७५. गवताच्या गंजीतली सुई म्हणतात ती याहून बरी, निदान ती चमकते तरी.

आवडता जंतू नाही, आवडती बाई सांगते. एलिझाबेथ किंग. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, सीडीसीत, त्या जगभरातून आलेले 'ओळख पटत नाही' असे जंतू तपासत. तान्ह्या बाळांच्या मेनिंजायटिसमधून आलेले काही जंतू कुठल्याच खान्यात बसेनात. १९५९ साली त्यांनी त्यांचं नीट वर्णन करून ठेवलं. पाण्यात, मातीत, रुग्णालयाच्या सिंकमध्ये राहणारा हा जंतू. नेहमीची बरीच प्रतिजैविकं त्याला लागू पडत नाहीत, आणि ज्या व्हँकोमायसिनचा अशा जंतूंवर एरवी काही उपयोग नसतो ते कधीकधी चालतं. एकूण उफराटाच. २००५ मध्ये त्या अख्ख्या कुळाला एलिझाबेथकिंगिया असं नाव दिलं. बाई १९६६ मध्येच गेल्या होत्या. फोटोवरून नाही, खान्यात न बसणारी प्लेट बाजूला ठेवण्यावरून माणूस ओळखावा, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना वाटलं. मायक्रोबायोलॉजी कर. डीएनएची यंत्रं शीक, पण ग्रॅम स्वतःच्या हातानं करायला शीक आधी.

मला १५ वर्षांपासून मधुमेह आहे आणि साठ कुंड्या आहेत. तुमचं वाक्य वाचल्यापासून मातीला हात लावायची भीती वाटते. माती तपासायला कुठे पाठवू?

कुठेही पाठवू नका. नोकार्डिया सापडेल. चांगल्या मातीत तो असतोच, आणि तो रिपोर्ट घेऊन तुम्ही करणार काय? साठ कुंड्या उकळणार?

मधुमेहाचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण तुम्ही ज्याची चौकशी करायला हवी तो जंतू दुसराच आहे. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. आजाराचं नाव मेलिऑयडोसिस. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९११ मध्ये रंगूनला तो पहिल्यांदा ओळखला. उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो असतो, कापल्या-खरचटल्या जागेतून किंवा श्वासातून शिरतो, आणि त्याला बळी पडणाऱ्यांत मधुमेही सर्वांत जास्त. बहुतेकांना न्यूमोनिया होतो किंवा रक्तात विष पसरतं. मेंदूत शंभरातल्या थोड्यांच्याच जातो, पण गेला तर शिरेतून औषध निदान आठ आठवडे आणि पुढे सहा महिने गोळ्या. यालाही मातीचा वास येतो, आणि प्लेट हुंगणं बंद झालं ते मुख्यतः याच्यामुळे. प्रयोगशाळेत काही ठिकाणी हा 'स्यूडोमोनास, कंटॅमिनेशन' म्हणून टाकून दिला जातो. माझ्या डिफ्थेरॉइड्ससारखाच.

माती नसतानाही तो गाठतो, हे २०२१ मध्ये दिसलं. अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतल्या, एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या चौघांना हा आजार झाला, त्यातले दोघे गेले. कुणीही उष्ण प्रदेशात गेलेलं नव्हतं. अखेर एका घरातल्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत तो सापडला.

तुमच्यासाठी : जाड हातमोजे, पायात बंद बूट. हाताला चीर असेल तर ती भरेपर्यंत माती नको. कोरडी माती चाळायची असेल तर आधी शिंपडून ओली करा, नाहीतर तोंडावर मास्क लावा. पावसाची झड लागली असेल तेव्हा कुंड्या हलवायचं काम पुढे ढकला. साखर ताब्यात ठेवा, हातमोज्यांपेक्षा ती जास्त उपयोगाची. ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही, किंवा तापाबरोबर डोकं दुखून बोलणं अडखळायला लागलं, तर वाट बघू नका. आणि नमुना द्यायची वेळ आलीच, तर फॉर्मवर 'मधुमेह, बागकाम' असं लिहायला सांगा. त्यासाठी फॉर्मवर रकाना नसतो. समासात लिहा.